कॉम्प्युटरचं दावं

२०२२ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत मी कॉम्प्युटरचं एकही बटण दाबलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की हा बाबा लई मोठा कॉम्प्युटरवाला दिसतो. माझं शिक्षण चौथी. पाचवीत दोन महिने बसलो होतो. गुरुजी फळ्यावर सतराचा पाढा चुकले आणि मी ते सगळ्या वर्गासमोर सांगितलं. तिथून आमचं काही जमलं नाही.

तरीपण लातूर, उदगीर, देवणी, नायगाव, नांदेड एवढ्या पट्ट्यातले कितीतरी धंदेवाले कॉम्प्युटर घ्यायच्या आधी मला बोलावून घ्यायचे. कॉम्प्युटर कसा चालतो ते मला माहीत नव्हतं. तो खातो किती, ते माहीत होतं.

माझे वडील बैलबाजारात दलाल. देवणीच्या जनावरांवर त्यांची सगळी जिंदगी गेली. ते म्हणायचे, "बैलाची किंमत एकदा देतूस, वैरण रोज देतूस. किंमत बघून बैल घेणारा माणूस वैरण घालताना रडतो." मी दलालीत पडलो नाही. लातूरला सरकी-पेंडीच्या दुकानात मुनीम म्हणून लागलो आणि तिथंच एकतीस वर्षं काढली. पण बापाचं बोलणं डोक्यात बसलेलं होतं.

एक दिवस आमच्या शेठकडं कॉम्प्युटर विकणारा आला. म्हणाला, "प्रिंटर धरून अडतीस हजार. सगळं आलं त्यात." शेठ खूश झाले. मी गादीवरूनच विचारलं, "सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं, आजोबा."

तेव्हा मी आजोबा नव्हतो, त्याचाही राग आला असेल. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि मांडायला बसलो. बैल दारात बांधायचा तर शेतकरी जे जे धरतो, ते ते धरत गेलो.

पहिला खुंटा. म्हणजे बैल बांधायची जागा. टेबल, वायरिंग, जमिनीत पुरायची अर्थिंग, आणि लाइट गेल्यावर कॉम्प्युटर जिवंत ठेवणारी बॅटरी. आमच्याकडच्या उन्हात ती बॅटरी दोन वर्षांत बसते, हे विकणारा सांगत नाही. दुसरी वैरण. शाई, कागद, इंटरनेट, लाइटबिल. तिसरी नाल, म्हणजे दुरुस्ती. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीवाला नांदेडहून येणार, त्याचं येणं-जाणं, त्याचा दिवस, आणि तो येईपर्यंत तुमचं जे काम अडलं ते. चौथं औत. कॉम्प्युटर नुसता बैल आहे, त्याला औत जुंपलं तर वावर नांगरलं जाणार. ते औत म्हणजे सॉफ्टवेअर. तेही नुसतं विकत घेऊन भागत नाही, दरसाल त्याचा फाळ बदलायचे पैसे असतात. आणि पाचवा गडी. जो माणूस कॉम्प्युटरवर बसणार त्याचा पगार तर आहेच, पण पहिले चार महिने तो वहीतही लिहिणार आणि कॉम्प्युटरवरही. काम दुप्पट, चुका तिप्पट. त्या चार महिन्यांची किंमत कुणीच धरत नाही. मी धरली.

तीन वर्षांचा आकडा झाला एक लाख एकवीस हजार. शेठ हसले. म्हणाले, "आप्पा, तुमाला दुकानात कॉम्प्युटर यायला नको हाय, म्हणून तुमी त्याला भुतासारखा रंगवायलाव." आणि घेतला.

तीन वर्षांनी शेठनीच गल्ल्याच्या तळातून ते कॅलेंडरचं पान काढलं. सगळी बिलं समोर ठेवली. माझ्या आकड्यात आणि खऱ्या खर्चात अकराशे रुपयांचा फरक निघाला. तेही बॅटरी मी म्हणालो त्याच्या दोन महिने आधी बसली म्हणून.  त्यानंतर बाजारात ज्याला त्याला सांगत सुटले, "कॉम्प्युटर घ्यायलाव का? आधी आमच्या आप्पाला दाखवा."

असा माझा दुसरा धंदा सुरू झाला. मुनिमी सुटली तरी तो चालू राहिला. पाचशे रुपये आणि एसटीचं भाडं घ्यायचो. विकणाऱ्यांनी कमिशन द्यायचा लई प्रयत्न केला, मी एका पैशाला हात लावला नाही. हे मिरवायला सांगत नाही. बरं, मिरवायलाच सांगतो.

नांदेडचे एक मंगल कार्यालयवाले होते. साडूनं कॉम्प्युटर घेतला म्हणून यांना पाहिजे होता. मी विचारलं, "आता तारखांची नोंद कशात ठेवता?" त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. "हिची किंमत?" म्हणाले, साठ रुपये. "एकाच तारखेला दोन लग्नं कधी घेतली गेली?" म्हणाले, कधीच नाही. मी म्हणालो, "मंग तुमाला कॉम्प्युटर नको, साडू बदला." त्यांची बायको आत मोठ्यानं हसली. पाचशे रुपये तिनंच आणून दिले.

नायगावच्या एका लोखंडवाल्यानं सॉफ्टवेअर फुकटात टाकून आणलं होतं, कुणाच्यातरी कॉम्प्युटरवरून उतरवून. मला म्हणाला, "आप्पा, औताच्या खान्यात शून्य लिवा." मी लिहिलं नाही. म्हणालो, "चोरीच्या औताला फाळ कोण बसवून देणार?" वर्षभरात सरकारनं कराचा नवा नमुना काढला आणि त्याचं औत जागच्या जागी रुतलं. मग त्यानं ते रीतसर विकत घेतलं, आणि वर्षभराच्या नोंदी पुन्हा भरायला दोन माणसं बसवली. फुकटचं त्याला सगळ्यात महाग पडलं.

अशा गोष्टी माझ्याकडं ढीगभर आहेत. त्या सांगताना मला बरं वाटतं. पण लिहायला बसलो ते त्यांच्यासाठी नाही.

देवणी तालुक्यात साठेक पशुपालकांचं एक मंडळ आहे. देवणी जातीच्या गाई-वळू सांभाळणारी ही माणसं. त्यांचा धंदा कागदावर उभा असतो. वासरू नुसतं देखणं असून चालत नाही. त्याची आई कोण, बाप कोण, आजीचं दूध किती, हे लिहिलेलं असेल तर गिऱ्हाईक कर्नाटकातून गाडी घेऊन येतं. लिहिलेलं नसेल तर तेच वासरू बाजारात चार जनावरांतलं एक होऊन जातं. या मंडळाच्या सचिव सुलोचनाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, स्वतःच्या गोठ्यात नऊ गाई, बारावीपर्यंत शिकलेल्या. अकरा जाडजूड वह्यांत त्यांनी सगळ्या मंडळाची वंशावळ स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती. २०१९ साली त्यांनी ते सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. मंडळातल्या बऱ्याच जणांचा विरोध होता. बाईंनी त्यांना पटवलं, आणि मला बोलावलं.

दोन विकणारे होते. एकजण सॉफ्टवेअर पंचेचाळीस हजाराला कायमचं विकत देत होता. नोंदी मंडळाच्याच कॉम्प्युटरमध्ये राहणार. दुसरा नांदेडचा. तो म्हणाला, विकत कशाला घेता, महिना सातशे रुपये भाडं द्या. नोंदी आमच्याकडं राहतील, तुम्ही इंटरनेटवरून कुठूनही बघा. मी तीन वर्षांचं मांडलं. भाड्याचे होत होते पंचवीस हजार दोनशे. बाकी चार खाने दोघांचे जवळपास सारखे. मी सांगून टाकलं, "औत भाड्यानं आणा."

सुलोचनाबाईंनी हिशेबाचा कागद पुन्हा वरून खाली बघितला. म्हणाल्या, "पर आप्पा, नोंदी ऱ्हाणार कुणाच्या घरात?"

इतक्या वर्षांत मला एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि मी काय उत्तर दिलं? "बाई, ज्वारी आपल्या घरी ठिवली काय अन् गोदामात ठिवली काय, पोतं आपलंच असतंय." बाई गप्प बसल्या. मला वाटलं, पटलं.

मग नांदेडवाल्यानं करार पुढं केला. सहा पानं, सगळी इंग्रजी. ओसरीवर बसलो होतो. बाई म्हणाल्या, "मला इंग्रजी थोडंफार येतंय, पर हे कायद्याचं कळना. तुमी बघा एकदा."

मी चष्मा लावला. एकेक पान हळूहळू उलटलं, वाचणारा माणूस जेवढा वेळ घेतो तेवढा घेऊन. चौथ्या पानावर तर बोट ठेवून जरा थांबलोसुद्धा, जसं काही तिथं विचार करण्यासारखं आहे. मला इंग्रजी आकडे येतात. अक्षर एक येत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या करारांवर मी आकडे वाचून बोलत आलो होतो, आणि आकडे खरे निघत होते. म्हणून कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"न्हेमीचंच हाय," मी म्हणालो. "करा सही."

चार महिने बाईंनी वहीत आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडं लिहिलं. पाचव्या महिन्यात मीच फोन करून सांगितलं की आता वही बंद करा, दुप्पट कष्ट कशाला. माझ्या हिशेबात वही बंद होणं हे बचतीच्या बाजूला लिहिलेलं होतं.

मध्ये लॉकडाऊन आला. बाजार बंद, एसटी बंद. पण गाभण गाईंना कुणी थांबवलं नाही. वासरं होत राहिली आणि त्यांच्या नोंदी नांदेडच्या गोदामात जाऊन पडत राहिल्या.

२०२२ च्या उन्हाळ्यात सुलोचनाबाईंचा फोन आला. त्या नांदेडवाल्यानं आपला धंदा दुसऱ्याला विकला होता. नवा मालक महिन्याला सातशेच्या जागी चार हजार मागत होता. द्यायचे नसतील तर सोडून जा म्हणत होता, पण जाताना नोंदी काढून द्यायचे ऐंशी हजार वेगळे. वही बंद झाल्यापासून जन्मलेली एकशे सत्त्याऐंशी वासरं होती. त्यांचे आईबाप दुसरीकडं कुठंच लिहिलेले नव्हते.

बाई चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "आप्पा, दावं त्याच्याच हातात ऱ्हायलं की ओ."

शहरातल्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातली दोरी, म्हणजे दावं, कुणी देत नाही. विकणारा ते सोडून घेतो आणि घरी आणून खुंटाळ्याला अडकवतो. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणायचं. जनावर ज्याच्या दाव्याला, त्याचं. माझे वडील उभी हयात हे बघत आले, मी लहानपणापासून त्यांच्या बोटाला धरून बघितलं. बैलावरून मी पाच खाने काढले, आणि सहावा, जो प्रत्येक बाजारात डोळ्यांसमोर होत होता, तोच विसरलो.

मी नांदेडला गेलो. नवा मालक चाळिशीचा, बोलायला सभ्य. चहा मागवला. मी भाव करायला बसलो. सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावर पसरला, त्याखाली हात घातला आणि म्हणालो, "घाला हात." बैलबाजारात असाच सौदा होतो, रुमालाखाली बोटं धरून, म्हणजे शेजारच्याला भाव कळत नाही. तो रुमालाकडं बघत राहिला.

"आजोबा, हात कशाला?"

मी रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. त्यानं करार काढला आणि चौथं पान माझ्यासमोर धरलं. "कलम नऊ. नोंदी काढून द्यायचा खर्च ग्राहकावर. दर आमचा. हे वाचलं नव्हतं का तुम्ही?"

चौथं पान. मी बोट ठेवून थांबलो होतो ते.

शेवटी त्यानं पंधरा दिवसांची मुदत दिली. "नोंदी बघता येतील. प्रिंट निघणार नाही, डाउनलोड होणार नाही. बघा फक्त." तो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात दावं होतं आणि ते आम्हीच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाची बैठक होती, जनावरांच्या दवाखान्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चाळीसेक माणसं आली होती. मी लातुराहून येऊन मागं खांबाला टेकून बसलो. गुंडाप्पा म्हणून एक जुने पशुपालक आहेत, तोंडानं फाटके. कॉम्प्युटरला पहिल्यापासून त्यांचा विरोध. ते उभे राहिले.

"बाईंच्या हौसंपायी आमच्या वासरांचे बाप गेले. आता वासराला बाप इचारायला नांदेडला जायचं व्हय?"

लोक हसले. मग हसणं थांबलं आणि आवाज चढत गेले. कुणी म्हणालं, सचिव बदला. कुणी म्हणालं, बाईनं कुणाला विचारून सही केली? एकानं तर विचारलं, नांदेडवाल्याकडून बाईंना काय मिळालं. नऊ गाईंची धार काढून, सगळ्या मंडळाची वंशावळ वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या बाईला हे विचारलं.

सुलोचनाबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता त्या माझ्याकडं बोट दाखवणार. दाखवायलाच पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "सही माजी हाय. चूक माजी. सचिवपद सोडा म्हणताव तर सोडते."

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तेच मला सोसलं नाही. त्यांनी नाव घेतलं असतं तर मी भांडलो असतो. मला भांडता लई चांगलं येतं.

मी उठलो. "सही बाईंची हाय," मी म्हणालो, "पर करार बघायला मला बोलावलं व्हतं. त्येंनी इचारलं, नोंदी कुणाच्या घरात ऱ्हाणार, तर मीच त्येंना गप केलं. करार इंग्रजीत हाय. मला इंग्रजी येत न्हाई. कदीच आलं न्हाई."

सगळ्या माना मागं वळल्या. 

गुंडाप्पा म्हणाले, "मंग तवा चष्मा लावून पानं कामून उलटीत व्हता?" त्या दिवशी तेही ओसरीवर होते, हे मी विसरलो होतो.

"लाज," मी म्हणालो.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "पानं सरळ तर धरली व्हती का, आप्पा?" आणि सगळी शेड हसली. गुंडाप्पाही हसले. मी सहासष्ट वर्षांत एवढ्या माणसांना माझ्यावर हसू दिलं नव्हतं. पाचवीच्या त्या गुरुजींना त्या दिवशी कसं वाटलं असेल, ते मला तिथं कळलं. उभाच राहिलो. खाली बसलो असतो तर पुन्हा उठता आलं नसतं.

हसणं ओसरल्यावर सचिवपदाचा विषय पुन्हा निघालाच नाही. बोलणं सुरू झालं ते पंधरा दिवसांत काय करायचं याचं. एकजण म्हणाला, मोबाईलनं फोटो काढू. बाई म्हणाल्या, "काढू की. पर फोटो बघून वहीत उतरवावंच लागल. त्यापरीस सरळ वहीतच लिवू." मी म्हणालो, लिहायचं काम माझं. माझं अक्षर मुनिमाचं आहे, मोत्यासारखं. कुणी नको म्हणालं नाही.

बाहेर चपला घालताना सुलोचनाबाई म्हणाल्या, "आप्पा, येवढं समद्यांम्होरं बोलायची गरज न्हवती."

"व्हती."

"बरं. मंग सकाळी सहाला या. अन् वही घिऊन या, माज्याकडं कोरी न्हाई."

त्यानंतर आजपर्यंत कुणी कॉम्प्युटरचा खर्च काढायला आलं, तर मी कागदावर सहा खाने आखतो. खुंटा, वैरण, नाल, औत, गडी, दावं. सहाव्या खान्यात विचारतो: उद्या हा सोडायचा ठरवला तर आपलं आपल्याला परत मिळणार का, कशात मिळणार, आणि केवढ्याला? करार इंग्रजीत असला तर आधीच सांगतो की हा वाचणाऱ्या माणसाकडं न्या, त्याचे पैसे वेगळे धरा. धंदा थोडा कमी झाला माझा. काही जणांना इंग्रजी न येणारा माणूस नको असतो. त्यांचं चूक आहे असं म्हणायला मी आता तयार नाही. अर्धं चूक आहे, असं म्हणेन.

बैठक झाली त्या रात्री देवणीतच भाच्याकडं मुक्काम केला. बाजारपेठेतून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घेतली. ऐंशी रुपये. सकाळी सहाला सुलोचनाबाईंच्या दारात होतो. त्या गोठ्यात धार काढत होत्या, बादलीत फेस वाजत होता. तिथूनच ओरडल्या, "आप्पा, माजे हात गुंतलेत. तुमीच चालू करा. खाली गोल बटण हाय, ते दाबा."

मी खोलीत गेलो. टेबलावर ते धूड झाकून ठेवलेलं होतं. टॉवेल काढला, घडी घालून बाजूला ठेवला. गोल बटण सापडायला वेळ लागला. दाबलं. आत काहीतरी फिरायला लागलं, आणि मी हात मागं घेतला, नव्या बैलाच्या पाठीवरून घेतात तसा.

बाई पदराला हात पुसत आल्या, काही बटणं दाबली, आणि पडद्यावर नोंदी उघडल्या. मराठीत होत्या. वही बंद झाल्यावर जन्मलेलं पहिलं वासरू. गोऱ्हा, वानेरा, म्हणजे अंगानं पांढरा आणि तोंडावर काळा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आईचं नाव, बापाचं नाव. मी वहीचं पहिलं पान उघडलं, समासाची रेघ मारली आणि सगळं उतरवून घेतलं.

"आता फुडचं कसं आणायचं?" मी विचारलं.

"त्यो खालचा बाण दाबा."

मी दाबला.